आमची आळेफाटा

ताई,

माझं वय ४४. माहेर पंचवटीतलं, सासर सिडकोत. म्हणजे हरवायचं म्हटलं तरी नाशकातल्या नाशकातच हरवणार, अशी मी. पण नऊ वर्षांची असताना खरोखर हरवले होते. १९९० चा मे महिना. मोठ्या काकांनी जेजुरीला जायला मॅटाडोर ठरवली. आजी, काका-काकू, आत्या, सगळी भावंडं मिळून आम्ही एकवीस जण, शिवाय सामान. चंदनापुरी घाटात मला गाडी लागली आणि काकूंच्या नव्या साडीवर उलटी झाली. म्हणून मला मागून उचलून पुढे ड्रायव्हरशेजारी वडिलांजवळ बसवलं. पुणे रस्त्यावरच्या आळेफाट्याला सगळे चहाला उतरले. मी नळावर तोंड धुवायला गेले, परत आले तर गाडी नाही. वडिलांना वाटलं मी मागे आईकडे गेले, आईला वाटलं मी पुढे वडिलांकडेच आहे. एका रसवंतीवाल्या बाबांनी मला बाकावर बसवून ग्लासभर रस दिला, बर्फ न घालता. "घसा धरंल" म्हणाले. तासाभरानं, नारायणगावहून गाडी परत आली आणि मला घेऊन गेली. (वडिलांनी आधी एक थोबाडीत मारली.)

तेव्हापासून घरात माझं नाव "आळेफाटा". लग्न असो, बारसं असो, "आली का आमची आळेफाटा!" पुढच्याच वर्षी, १९९१ च्या सिंहस्थात, आईनं माझ्या फ्रॉकला आतून नाव-पत्त्याची चिठ्ठी शिवली होती, त्यावरून "आळेफाट्याचं पार्सल" असंही झालं. किस्सा सांगणाऱ्यांत सगळ्यात पुढे माझा धाकटा चुलत भाऊ. तो तेव्हा चार वर्षांचा होता. त्याच्या किश्शात मी आईस्क्रीमसाठी हट्ट धरून बसते आणि म्हणून मागे राहते. असलं काही झालं नव्हतं.

आता मोठ्या चुलत भावाच्या मुलाचं लग्न झालंय. नव्या जोडीला घेऊन डिसेंबरात सगळे जेजुरीला निघालेत, सतरा सीटची ट्रॅव्हलर ठरलीय, माणसं बावीस. धाकट्यानं ग्रुपवर टाकलंय : "आळेफाट्याला खास थांबा, आमच्या हिरॉइनचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार!" खाली हसण्याच्या बाहुल्यांची रांग. माझी लेक नऊ वर्षांची आहे, ती तर नाचतेय. मी नाही म्हटलं तर "लहानपणापासूनच रुसकी" हे ठरलेलं. नवरा म्हणतो, एवढं काय त्यात. वडील चार वर्षांपूर्वी गेले. आई भावाकडे नाशिकरोडला असते. जाऊ की नको? आणि इतक्या वर्षांनी मला एवढं का लागतं?

— एक वाचक, नाशिक

*

तुमचं मूळ पत्र पाच पानी आहे, इथे जागेपुरतं आणलंय. त्या पाच पानांत मॅटाडोरचा फाटका पडदा आहे, काकूंच्या साडीचा रंग आहे, रसवंतीच्या चाकाचे घुंगरूसुद्धा आहेत. थोबाडीत मात्र कंसात. कंस तुमचाच, मी घातलेला नाही.

आता तुमच्या घरचा किस्सा कुठे संपतो ते आठवा. "आणि बघतो तर काय, बाईसाहेब बाकावर बसून रस पितायत!" इथे हशा, आणि वाढपी पुढच्या पानाकडे वळतो. तुमची आठवण नेमकी तिथून पुढे सुरू होते. वडील गाडीतून उतरले, धावत आले, आता उचलून घेतील असं वाटलं आणि गाल झणझणला. मग जेजुरीपर्यंत कुणी अवाक्षर काढलं नाही. पस्तीस वर्षं सगळं घर एक गोष्ट सांगतंय आणि तुम्ही मनातल्या मनात दुसरीच ऐकताय. हरवण्याचं तुम्हाला फारसं लागलेलं दिसत नाही. पोरं हरवतात, नाशिककरांना हे काय सांगायचं, दर सिंहस्थाला रामकुंडावरच्या कर्ण्यातून आपण तेच ऐकत आलो. सापडल्यावर जे झालं ते लागलंय, आणि ते कुणी उच्चारतच नाही म्हणून अजून ओलं आहे.

वयानं मी तुमच्या काकूंच्या पिढीची. तसल्या गाड्यांतून मी हिंडले आहे, म्हणजे कोंबली गेले आहे. पहाटे चारला रविवार कारंज्यावर गाडी लागायची. रॉकेलचा स्टोव्ह सांडू नये म्हणून एकीच्या मांडीवर, लोणच्याची बरणी दुसरीच्या. दशम्यांचा डबा, अंथरुणाच्या वळकट्या, फडकं बांधलेली पाण्याची कळशी, आणि तिच्यावर पाय ठेवू नका म्हणून दर पाच मिनिटांनी ओरडणाऱ्या सासूबाई. ड्रायव्हरशेजारी असा एक काका हमखास, ज्याला सायकलखेरीज काही चालवता येत नाही आणि जो ड्रायव्हरला गिअर कधी टाकायचा ते सांगतो. सिन्नर यायच्या आत अर्ध्या दशम्या संपलेल्या. दर थांब्यावर आमचे सासरे खाली उभे राहून मोठ्यानं मोजायचे. काय? सामान. "चौदा नग! बसा!" पोरं कुणी मोजत नसे. पोरं आपोआप चढतात असा समज होता.

आपण एकत्र कुटुंबाचं कौतुक करतो की पोरं कुणाच्याही मांडीवर वाढली. वाढली, खरंच वाढली. पण कुणाच्याही मांडीवर असू शकणारं पोर या क्षणी नक्की कुणाच्या मांडीवर आहे, हे विचारायचं कुणी? तुमच्या बाबतीत तर उलटीनं घोळ घातला. एरवी तुमची जागा मागे आईपाशी ठरलेली, चंदनापुरीत ती बदलली. पुढच्यांना वाटलं मागे, मागच्यांना वाटलं पुढे. गाडीत तुम्ही दोन ठिकाणी होतात म्हणून एकाही ठिकाणी नव्हतात. एसटीचा कंडक्टर तिकिटं आणि डोकी जुळल्याशिवाय डबल बेल मारत नाही. आपल्या घरगुती गाड्यांना ड्रायव्हर एक आणि सल्लागार दहा असत, कंडक्टर कुणीच नसे.

हे त्यांची वकिली म्हणून सांगत नाही. विसरले कसे, एवढंच सांगते. त्यावर हसत का आले, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्यावर माझं मत जरा कडू आहे. घरातली लाजिरवाणी गोष्ट एक तर कुणी काढत नाही, नाही तर तिचा किस्सा होतो. किस्सा झाला की बोच जाते, पण जाताना ती कुणाच्या तरी पदरात पडते. वीस माणसं एका पोरीला रस्त्यात सोडून गेली, हे लग्नाच्या पंगतीत हसत सांगता येत नाही. पोरगी आईस्क्रीमसाठी अडून बसली म्हणून राहिली, हे येतं. आईस्क्रीम त्यासाठी आलं. नावसुद्धा बघा, विसरणाऱ्यांपैकी कुणाला पडलं नाही, विसरलेलीला पडलं.

तुमच्या धाकट्या भावावर मात्र खोटारडेपणाचा शिक्का मारू नका. चार वर्षांच्या पोराला त्या दिवसातलं खरं किती आठवणार? त्यानं तो किस्सा इतक्यांदा ऐकला आणि सांगितला की आता त्याला तो दिसतो. गंमत म्हणजे याच विषयावर एक गाजलेला प्रयोग आहे. १९९५ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॅकलिन पिकरेल या अमेरिकी अभ्यासक बायकांनी तो प्रसिद्ध केला. चोवीस जणांना त्यांच्या लहानपणच्या हकिकती दिल्या, घरच्यांकडून मिळवलेल्या. त्यात एक बनावट घुसवली : तू पाचेक वर्षांचा असताना मॉलमध्ये हरवला होतास. चोवीसपैकी सहा जणांना ती न घडलेली गोष्ट पूर्ण किंवा अर्धीमुर्धी आठवायला लागली. प्रयोगावर पुढे टीकाही पुष्कळ झाली, आणि त्यावरून तुमची आठवण खोटी ठरवायला जो येईल त्याला दारातूनच परत पाठवा. मी तो एवढ्याचसाठी काढला की आईस्क्रीम होतं की रस होता, या मुद्द्यावर भावाशी भांडायला जाऊ नका. तो शपथ घेईल. तुम्हीही घ्याल. आणि रात्री दोनला जागं राहून पुन्हा तोच सगळा घोळ.

आमच्या घरात असाच एक किस्सा होता, तो सांगते. चैत्रातली यात्रा, वणीच्या गडावर निघालेलो. यात्रेत खासगी गाड्या खाली नांदुरीला थांबवतात आणि तिथून वर एसटी करावी लागते. त्या बस पकडण्याच्या धांदलीत माझा पुतण्या, वय वर्षे सात, खालीच राहिला. वर पोहोचून पायऱ्यांपाशी पूजेचं साहित्य घेताना कळलं. मिळाला तो, धडधाकट, एका नारळवाल्याच्या पाटीशेजारी. पुढे वीस वर्षं आम्ही ते हसत सांगितलं. मीही सांगितलं, हावभावांसकट. मग त्याच्या लग्नाच्या आदल्या रात्री कुणीतरी फर्माईश केली आणि तो म्हणाला, आज मी सांगतो. म्हणाला, "मी ठरवलं होतं की दहा एसट्या जाईपर्यंत रडायचं नाही. दहावी गेली की रडायचं. तुम्ही आलात तेव्हा आठवी गेली होती."

मांडवात कुणी हसलं नाही. सासूबाई उठल्या, त्याला जवळ घेऊन बसल्या, काही बोलल्या नाहीत. मी उगाच चहा टाकायला आत गेले. किस्सा त्यानंतरही सांगितला जातो, अगदी गेल्या दिवाळीतही झाला, पण शेवट तो सांगतो. आठ एसट्यांवर येऊन थांबतो आणि मग सगळे थोडं वेगळं हसतात.

तुम्ही असं भर मांडवात करा असं मी म्हणत नाही, ज्याची त्याची तऱ्हा. आणि ट्रॅव्हलरमध्ये तर मुळीच नको. तिथे गाणी चालू असतात, कुणाला तरी बाथरूमला जायचं असतं, आणि मोठ्या आवाजात सांगितलेलं दुःख भजीच्या पुड्याबरोबर फिरतं. आधी नाशिकरोडला जा. एकट्या. भाऊ-भावजय घरी नसतील अशी दुपार बघून आईपाशी बसा आणि एकच गोष्ट विचारा : नारायणगावला मी गाडीत नाही हे कळल्यापासून आळेफाट्याला परत येईपर्यंत गाडीत काय झालं?

तुम्ही बाकावर काय करत होतात हे सगळ्या गोतावळ्याला पाठ आहे. गाडीत काय झालं, हे तुम्हाला कुणी कधी सांगितलंय? तुमच्या पाच पानांत त्याबद्दल एक अक्षर नाही, म्हणजे तुम्हालाही ठाऊक नसावं. तेव्हा मोबाईल नव्हता, आळेफाट्यात ओळखीचं कुणी नव्हतं, आणि तो चौक कसला होता तुम्हाला माहीत आहे. चारी बाजूंनी ट्रक. त्या परतीच्या रस्त्यावर तुमचे वडील काय म्हणाले, आई काय म्हणाली, काकूंनी साडीचं नाव काढलं का, आजीनं खंडोबाला काय बोलून ठेवलं. हे सगळं तुमचं आहे. ते घेऊन या.

वडिलांबद्दल मी ठामपणे काही म्हणणार नाही, मी त्यांना ओळखत नव्हते. जीव घाबरा झाला की हात उठतो, असं म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे आणि बहुतेक ते खरंही असेल. पण नऊ वर्षांच्या पोरीला ते कळावं कसं? त्याच रात्री जेजुरीत अंथरुणं टाकताना कुणीतरी सांगायला हवं होतं. आता ते सांगू शकत नाहीत आणि दुसऱ्या कुणी त्यांच्या वतीनं माफी मागितली तरी ती तुम्हाला पोहोचेल असं मला वाटत नाही. आई काय सांगेल त्यात ते कदाचित सापडतील, कदाचित नाही सापडणार. आईनं "जाऊ दे ना आता" म्हटलं, तर पहिल्यांदा जाऊ द्या आणि आठवड्यानं पुन्हा जा.

आणि ती चिठ्ठी. पत्रात तुम्ही तिचा उल्लेख थट्टेपुरता केलाय, पुढे निघून गेलात. मी नाही जाऊ शकले. वाडा पंचवटीत, रामकुंड हाकेच्या अंतरावर. त्या गर्दीत तुम्ही हरवला असतात तरी गल्लीतल्या कुणीही ओळखून घरी आणून सोडलं असतं. तरी तुमच्या आईनं सुई-दोरा घेतला. पुन्हा कुणाला वाटण्यावर ती विसंबली नाही. पुढे मागे, मांडीवर की मागच्या बाकावर, या भानगडीत न पडता तिनं तुमचा पत्ता तुमच्याच अंगावर शिवून टाकला, आतून, कुणाला दिसू नये असा. त्या पिढीच्या बाईला सगळ्यांसमोर "माझं चुकलं" म्हणायची मुभा नव्हती. सासू गाडीत, सासरे नग मोजतायत. टाके घालायची मुभा होती. विचारा तिला, कुठल्या फ्रॉकला शिवली होतीस. आठवत असणार.

आता भाऊ. ग्रुपवर एक शब्द लिहू नका. तिथे बाहुल्या जिंकतात. फोन करा आणि म्हणा, "मला त्या गोष्टीचं हसू येत नाही. सत्कार ठेवू नकोस. ठेवलास तर मी गाडीतून उतरणार नाही." एवढं बोलून थांबा. आणखी समजावत बसलात की तो "अगं, गंमत गं" म्हणायला जागा शोधील. माझ्या अंदाजानं तो वरमेल, कारण तुम्ही आजवर त्याला कधी हे सांगितलेलंच नाही. तुमच्या पत्रात मला तेही कुठे दिसलं नाही. पस्तीस वर्षं तुम्ही हसण्यात हसू मिसळलंत, मग त्याला कळणार कुठून? हा दोष म्हणून सांगत नाही. हसलं नाही तर रुसकी, हे नऊ वर्षांच्या मुलीला फार लवकर कळतं. पण आता तुम्ही ४४ च्या आहात. म्हणू देत रुसकी.

ऐकलं नाहीच त्यानं, तर ठक्कर बाजारातून पुण्याची बस धरा, पुढे जेजुरीला एसट्या आहेत. लेकीला घेऊन दोघी जा, गडावर भेटा, भंडारा उधळा, आणि नव्या नवरदेवानं बायकोला उचलून पायऱ्या चढताना जी फजिती व्हायची ती डोळे भरून बघा. यात्रा चुकवू नका. देव तुमचाही आहे आणि घरात नव्या आलेल्या मुलीला तुमच्यासारखी एक आत्तेसासू भेटणं गरजेचं आहे. उद्या तिलाही काहीतरी नाव पडेल.

एक गोष्ट फोनवर लगेच सांगून टाका, तुमच्या मनाशी तिचा संबंध नाही : सतरा सीटमध्ये बावीस माणसं बसवायची नाहीत. १९९० मध्ये कुणी विचारत नव्हतं. आता मोटार वाहन कायद्यात जादा प्रवाशामागे २०० रुपये दंड आहे, आणि चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याविना बसवलं तर हजार. दंडाचं सोडा, कडेवर, मांडीवर, दोघांच्या मधे अशी पोरं बसवली की मोजदाद पुन्हा कोलमडते. एक मोटार जास्तीची काढा. आणि प्रत्येक पोर एका मोठ्या माणसाच्या नावावर लावा, नाव घेऊन, निघायच्या आधी. "सगळे बघतील" हे वाक्य त्या दिवशी घरात बंद.

लेकीला आळेफाट्याची गोष्ट ट्रॅव्हलरमध्ये पहिल्यांदा नीट ऐकायला मिळता कामा नये. घरीच सांगा, तुमच्या तोंडून, कंस काढून. ती विचारेल आजोबा वाईट होते का. नव्हते म्हणा, आणि मारलं हेही खरं म्हणा. नऊ वर्षांच्या पोरींना दोन्ही एकदम समजतं, तुम्हीही तेव्हा समजून होतातच की, फक्त विचारायला कुणी नव्हतं. मग तिला कंडक्टर करा. दर थांब्यावर तिनं डोकी मोजायची आणि तिनं डबल बेल दिल्याशिवाय गाडी हलणार नाही. फक्त नदी उतरून गेलेल्या दहा जणांची गोष्ट तिला आधी सांगा. जो तो मोजायचा आणि नऊच भरायचे, कारण मोजणारा स्वतःला धरायचा नाही.

तुमच्या यजमानांना "एवढं काय" हे शब्द परत घ्यायला सांगा, माझ्या नावावर. बाकी त्यांच्याबद्दल तक्रार दिसत नाही.

ता. क. लेकीलाही गाडी लागते असं तुम्ही चौथ्या पानावर लिहिलंय. चंदनापुरी घाट रुंद झाला म्हणून पोटं सुधारली असं नाही. दोन ते बारा या वयात हा त्रास सगळ्यात जास्त. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण हलतोय, मोबाईलला चिकटलेले डोळे सांगतात की हलत नाही, आणि भोगतं पोट. तिला पुढच्या बाजूला, खिडकीशी बसवा, मोबाईल काढून घ्या, लांबचे डोंगर बघायला लावा. उपाशी नको, तेलकट नको. गोळी द्यायची तर डॉक्टरांना विचारून, आणि निघायच्या आधी. घाट लागल्यावर दिलेली बाहेरच येते. तरी उलटी झालीच तर जागा बदलू नका, पिशवी बदला. आळेफाट्याला थांबलात आणि रसवंती दिसली, तर रस बिनबर्फाचा घ्या.